बाटलीतील बदाम

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) येणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागते. आजूबाजूला कापूस, मका आणि कांदा. येथे बदामाची बाग नाही आणि होणारही नाही. तरीसुद्धा गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आठवडाभर बदामाच्या तेलाचीच चर्चा चालली होती. त्याला कारण झाली नववीतील एक मुलगी. तिने दप्तरातून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, माझ्या धाकट्या भावाला पोट साफ होत नाही. आजी म्हणते, बदामाचं तेल आणलंय, चमचाभर दुधातून देऊ. आई नको म्हणते. द्यावं का?"

भाऊ दोन वर्षांचा. बाटलीवर सोललेल्या बदामांचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'बदाम' हा शब्द. आतील द्रव फिकट पिवळा, पारदर्शक आणि सुवासिक. "आत काय आहे ते कळेपर्यंत काहीही देऊ नका आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा," एवढे मी तिला तेव्हाच सांगितले. मग वर्गाला विचारले, "हे तेल बदामाचेच आहे, असे कशावरून म्हणायचे?"

मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, आपल्या मैदानातल्या बदामाचं असंल की!"

सारा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुरुवात तिथूनच करू.

शाळेच्या आवारात, देवळापुढे, बसस्थानकाजवळ छत्रीसारखा आडवा पसरणारा आणि पानगळीच्या आधी लालभडक होणारा जो वृक्ष आपण पाहतो, तो देशी बदाम. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव टर्मिनॅलिया कटाप्पा. हा अर्जुन कुलातील, म्हणजे हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांचा सख्खा भाऊ. मूळचा समुद्रकाठचा. त्याचे फळ तंतुमय आणि हलके असल्याने पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते व तेथे रुजते. दगडाने फोडल्यावर आत जो बारीक गर मिळतो, तो खाल्ला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण! चव बदामासारखी लागते म्हणून नाव बदाम पडले. नाते मात्र काहीच नाही.

खरा बदाम म्हणजे प्रूनस डल्सिस. तो गुलाब कुलातील असून जर्दाळू, पीच आणि आलुबुखार हे त्याचे भाऊबंद. या सर्वांची फळे आठळीची. फरक असा, की जर्दाळूचा आपण बाहेरचा मगज खातो आणि आठळी टाकतो. बदामाचा बाहेरचा भाग चिवट व कोरडा असतो, म्हणून तो टाकून आठळीच्या आतील बी खातो. या झाडाला फुलण्यापूर्वी काही आठवडे कडाक्याची थंडी लागते. म्हणून भारतात त्याच्या बागा प्रामुख्याने काश्मीरमध्ये आहेत. जगातील बदामाच्या उत्पन्नापैकी फार मोठा वाटा आज एकट्या कॅलिफोर्नियाचा आहे.

आता थोडे गणित. बदामाच्या गरात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. गर न तापवता नुसता दाबला, तर ते सगळे निघत नाही. काही पेंडीत राहतेच. शंभर भाग गरातून चाळीस भाग तेल निघाले असे धरू. तेलाची घनता सुमारे ०.९१ ते ०.९२, म्हणजे १०० मिलिलिटर तेलाचे वजन ९१ ग्रॅमच्या जवळपास. ९१ भागिले ०.४ केले की उत्तर येते सुमारे २२८ ग्रॅम. सोप्या भाषेत, १०० मिलिलिटर तेलाला जवळजवळ पाव किलो बदाम लागतात. मुलीने आणलेली बाटली २०० मिलिलिटरची होती. तिची किंमत किराणा दुकानातील अर्धा किलो बदामांच्या किमतीच्या चौथाईइतकीही नव्हती! तेलासाठी तुकडा व बारीक बदाम वापरतात, ते स्वस्त पडतात, हे मान्य. म्हणून या गणिताने काही सिद्ध होत नाही. पण संशय घ्यायला जागा होते. शास्त्रज्ञाला तेवढे पुरते.

मुळात तेल म्हणजे काय? फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल (१७८६ ते १८८९, होय, तो १०२ वर्षे जगला) याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की तेले व चरब्या या ग्लिसरीन आणि काही आम्ले यांच्या संयोगाने बनलेल्या असतात. या आम्लांना वसाम्ले किंवा मेदाम्ले म्हणतात. ग्लिसरीनचा एक रेणू तीन वसाम्लांना धरून ठेवतो. ग्लिसरीन सर्व तेलांत एकच. तेलातेलांतला फरक पडतो तो वसाम्लांमुळे. बदामाच्या तेलात सर्वांत मोठा वाटा ओलेइक आम्लाचा. तो साधारणपणे ६० ते ७० टक्के, कधी त्याहून थोडा अधिकही असतो. त्याखालोखाल २० ते ३० टक्के लिनोलेइक आम्ल. संतृप्त वसाम्ले दहा टक्क्यांच्या आत.

ओलेइक आम्लाच्या कार्बन साखळीत एक दुहेरी बंध असतो व तेथे साखळीला बाक येतो. वाकड्या काड्यांची मोळी नीट बांधता येत नाही, तसेच हे रेणू एकमेकांना चिकटून सहज बसत नाहीत. म्हणून तेल लवकर गोठत नाही. खोबरेल तेलातील बहुतेक वसाम्ले सरळ साखळीची, संतृप्त असतात. ते सुमारे २४ अंश सेल्सियसलाच घट्ट होऊ लागते. आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ती याचमुळे. शेंगदाण्याचे तेल फ्रीजमध्ये ठेवले तर गढूळ व दाट होते. बदामाचे तेल मात्र पाण्याच्या गोठणबिंदूखालीही प्रवाही राहते; ते घट्ट व्हायला उणे १८ अंशांच्या आसपास जावे लागते.

दुहेरी बंध मोजण्याची एक युक्ती आहे. या बंधांशी आयोडीनचा संयोग होतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, त्या आकड्याला आयोडीन मूल्य म्हणतात. खोबरेलाचे ते ७ ते १० इतके अल्प. शेंगदाण्याचे साधारण ८५ ते ९९. बदामाचे ९५ ते १०५. करडईचे १४० च्या आसपास. जवसाचे १७० च्याही वर. आकडा जितका मोठा, तितके तेल हवेतील ऑक्सिजन जास्त घेते. म्हणूनच जवसाचे तेल लाकडावर वाळून पापुद्रा धरते आणि त्याचा उपयोग रंग व वॉर्निश यांत होतो. बदामाचे तेल असे वाळत नाही, त्वचेवर मऊ थर धरून राहते. पण खवट तेही होते. त्याची बाटली लहान, गडद रंगाची व बुचाने घट्ट बंद असावी.

आता वासाकडे येऊ. मुलीच्या बाटलीला छान 'बदामी' वास येत होता आणि वर्गातील बहुतेकांना तीच शुद्धतेची खूण वाटली. गंमत अशी, की दाबून काढलेल्या गोड्या बदामाच्या शुद्ध तेलाला वास जवळजवळ नसतोच! ज्याला आपण बदामाचा वास म्हणतो, तो येतो कडू बदामापासून, आणि त्या वासामागे एक विषारी कथा आहे.

बदामाच्या काही झाडांना कडू बिया येतात. त्यांत अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते. रोबिके आणि बूत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८३० मध्ये वेगळे केले. कडू बी चावली किंवा तिची पूड पाण्यात भिजवली की बियांतीलच विकरे (एन्झाइमे) अमिग्डॅलिनचे तुकडे करतात:

अमिग्डॅलिन + पाणी → ग्लुकोज + बेंझाल्डिहाइड + हायड्रोजन सायनाइड

बेंझाल्डिहाइडचा तो परिचित सुवास. आणि त्याच्या बरोबरीने निघणारे हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष! लहान मुलाला कडू बदामाच्या अगदी मोजक्या बियाही प्राणघातक ठरू शकतात. बदाम खाताना एखादा जिभेला चटका देणारा कडू लागला, तर तो थुंकून टाकावा हे घरातील मोठ्यांचे सांगणे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. गोडे बदाम गोडे का झाले, याचाही उलगडा झाला आहे. अमिग्डॅलिन बनवणाऱ्या यंत्रणेचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकात पूर्वी केव्हातरी छोटासा बदल घडला, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले. माणसाने तीच झाडे निवडून वाढवली.

कडू बदामाची पेंड पाण्यात भिजवून तिचे ऊर्ध्वपातन केले की वाफेबरोबर जे तेल येते, त्यालाही 'कडू बदामाचे तेल' असेच म्हणतात. पण ते आपल्या अर्थाचे तेल नव्हे. त्यात ग्लिसरीन नाही की वसाम्ल नाही. ते उडून जाणारे, म्हणजे बाष्पनशील तेल आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात मात्र त्याला मानाचे स्थान आहे. १८३२ च्या उन्हाळ्यात फ्रीड्रिख व्हलर याची पत्नी वारली. प्रयोगशाळेत यूरिया तयार करणारा हा तोच व्हलर. दुःखात बुडालेला तो आपला मित्र युस्टुस फोन लीबिख याच्याकडे गीसेन येथे गेला आणि दोघांनी मिळून कडू बदामाच्या तेलावर काम केले. त्यापासून त्यांनी एकामागून एक संयुगे बनवली, तेव्हा अणूंचा एक गट या सर्व संयुगांत न तुटता जसाच्या तसा जातो, असे त्यांना आढळले. त्या गटाला त्यांनी 'बेंझॉइल' नाव दिले. आज दहावीत तुम्ही क्रियात्मक गट शिकता, त्या कल्पनेच्या मुळाशी हे काम आहे.

आणखी एक नवल सांगतो. कडू बदाम नुसता दाबून काढलेले स्थिर तेल हे गोड्या बदामाच्या तेलासारखेच असते. अमिग्डॅलिन तेलात विरघळत नाही. ते पेंडीतच राहते. म्हणूनच ब्रिटिश औषधिकोशाने बदामाच्या तेलासाठी दोन्ही प्रकारच्या बिया चालतील असे म्हटले आहे. वासाचे म्हणाल, तर बेंझाल्डिहाइड आता टोल्यूइनपासून कारखान्यात बनते. बिस्किटांतील 'बदाम इसेन्स' बहुधा तेच. तेव्हा बाटलीला बदामाचा दणदणीत वास येत असेल, तर तो बाहेरून घातलेला असण्याचा संभव अधिक!

वासाने आणि किमतीने संशय वाढवला, पण निकाल दिला नाही. त्यासाठी आम्ही प्रयोग केला. तो शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळपास ज्योत नसावी. कारण स्पिरिट पेट घेते आणि पोटॅश कातडी भाजते.

तीन स्वच्छ परीक्षानळ्या घेतल्या. 'क' मध्ये घरच्या शेंगदाणा तेलाचे पाच थेंब, 'ख' मध्ये औषधाच्या दुकानातून आणलेल्या लिक्विड पॅराफिनचे पाच थेंब आणि 'ग' मध्ये मुलीच्या बाटलीतील पाच थेंब. प्रत्येक नळीत स्पिरिटमध्ये विरघळवलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाच-सहा मिलिलिटर घातले. मग शेगडीवरून उतरवलेल्या गरम पाण्याच्या भांड्यात नळ्या उभ्या ठेवून अधूनमधून हलवल्या; पाणी निवले की बदलले. वीस-पंचवीस मिनिटांनी तिन्हींत तितकेच गरम पाणी ओतले.

'क' नळी स्वच्छ राहिली आणि हलवताच तिच्यात फेस आला. 'ख' दुधासारखी गढूळ झाली व थोड्या वेळाने वर तेलकट थेंब जमले. 'ग' चे काय झाले? ती थेट 'ख' च्या वाटेने गेली.

असे का व्हावे? खऱ्या तेलातील ग्लिसरीन व वसाम्ले यांचा बंध अल्कलीने तुटतो आणि साबण तयार होतो. साबण पाण्यात विरघळतो, म्हणून नळी स्वच्छ. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेलापासून मिळते; ते निव्वळ हायड्रोकार्बन आहे. त्यात तुटण्याजोगा तो बंधच नाही. अल्कलीने त्याचे काही बिघडत नाही आणि पाणी घालताच ते वेगळे होऊन बसते. 'क' आणि 'ख' या नळ्या कशाला, असे काही मुलांनी आधी विचारले होते. त्या नसत्या, तर 'ग' मधील गढूळपणाचा अर्थ आम्हाला कोणत्या तोंडाने सांगता आला असता?

मग बाटलीच्या पाठीमागची बारीक अक्षरे भिंगातून वाचली. घटकांच्या यादीत पहिलेच नाव मिनरल ऑइल. त्यानंतर एक वनस्पतिज तेल, आणि बदामाचे तेल पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी. वर लिहिले होते: 'केसांसाठी. फक्त बाह्य उपयोगासाठी.' म्हणजे उत्पादकाने लपवले काहीच नव्हते! केसांना चोपडायला असे तेल चालते. पॅराफिन चिकट नसते व खवटही होत नाही. पण आजीने चित्र पाहिले होते, मागची अक्षरे तिला दिसली नव्हती. केसांचे सुगंधी तेल दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात जाणार होते.

बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची चालही आपल्याकडे आहे. तेल खनिज असो वा अस्सल बदामाचे, ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरले तर एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. तेल बुळबुळीत असल्याने ठसकाही लागत नाही, आणि कोणाला पत्ता लागत नाही. ही चाल सोडलेली बरी.

साबणाच्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवा. तो फक्त खनिज तेल पकडतो. कोणी बदामाच्या तेलात शेंगदाण्याचे तेल मिसळले, तर दोन्हींचा साबण होतो आणि नळी स्वच्छच दिसते. त्याहून अवघड भेसळ आठळीच्या भाऊबंदांची. छत्रपती संभाजीनगरच्या लग्नांत 'खुबानी का मीठा' ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना त्यावर पेरलेला जर्दाळूच्या आठळीतील गर आठवत असेल. डोळे मिटून खाल्ला तर बदामच वाटतो! हिमाचल प्रदेश व लडाखमध्ये या गराचे तेल काढतात. त्यातील वसाम्ले बदामाच्या तेलाशी इतकी मिळतीजुळती, की आयोडीन मूल्यही फसते. पूर्वी तीव्र नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांच्या मिश्रणाने तपासत. जर्दाळूच्या तेलाला गुलाबी छटा येते, बदामाच्या तेलाला येत नाही. (हा प्रयोग शाळेत करू नये.) आता प्रयोगशाळा ई जीवनसत्त्वाचे प्रकार वेगळे करून पाहतात. बदामात त्याचा अल्फा प्रकार प्रमुख असतो, तर जर्दाळूत गॅमा.

अस्सल तेलाचे उपयोग काय? त्वचा मऊ ठेवणे हा सर्वांत जुना. बदामाचे तेल, मेण आणि गुलाबपाणी घोटून केलेले मलम औषधिकोशांत दीर्घकाळ होते. आजच्या कोल्ड क्रीमचे ते पूर्वज. कानातील कडक मळ मऊ करण्यासाठी डॉक्टर त्याचे थेंब सांगतात, पण पडदा शाबूत आहे हे पाहूनच. मूळव्याधीवर शल्यचिकित्सक जे इंजेक्शन देतात, त्यात पाच टक्के फिनॉल असते आणि ते विरघळवलेले असते चक्क बदामाच्या तेलात. आहारात ते चांगले, पण त्यात जादू नाही. १०० ग्रॅम तेलात सुमारे ३९ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व असते, ही जमेची बाजू. बदामातील प्रथिने, कॅल्शियम व तंतू मात्र पेंडीत राहतात. उष्मांक म्हणाल, तर कोणत्याही तेलासारखेच, ग्रॅमला नऊ. त्याने बुद्धी तल्लख होते किंवा टकलावर केस उगवतात, याला पुरावा नाही. बुद्धीसाठी ते आणणाऱ्या घराने त्याच पैशात मुलाला मूठभर बदाम किंवा शेंगदाणे दिले, तर माझ्या मते सौदा अधिक चांगला. त्याला त्यांचे वावडे नसले म्हणजे झाले.

मुलीच्या भावाला डॉक्टरांनी पाणी, फळे व भाज्या वाढवायला सांगितल्या. बाटली आजीने परत केली नाही. ती केसांना लावते.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. मैदानातील बदामाचे तेल निघते का? निघते. त्याच्या गरातही निम्म्याच्या आसपास तेल असते. पण फळाच्या मानाने गर इतका थोडा, की कोणी धंदा करू धजत नाही. आमच्या मुलांनी दोन दिवस फळे फोडून मूठभर गर जमवला, खलबत्त्यात कुटला, फडक्यात आवळून पिळला आणि जेमतेम एक कुपी बुडापुरती भरली. या तेलात पामिटिक हे संतृप्त वसाम्ल सुमारे एक-तृतीयांश असते. पामतेलातही तेच भरपूर असते. ती कुपी आणि खऱ्या बदामाच्या तेलाची एक कुपी आम्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवली आहे. थंडीच्या एखाद्या पहाटे दोन्हींत काय फरक दिसेल? आधी वहीत आपला अंदाज लिहा, कारणही लिहा. मग तुमच्या शाळेतील झाडाखाली जाऊन फळे वेचा.